प्लगातली खांड

बारा वाजेपर्यंत ठाण्याला पोचायचं होतं. बारा म्हणजे बारा. कॉलेजातून आलेल्या कार्डावर तसं छापलंच होतं, की दुपारी बारापर्यंत सामानासह हजर न झाल्यास नाव रद्द करून यादीतल्या पुढच्या मुलीला जागा देण्यात येईल. ती पुढची मुलगी कोण, कुठली, मला काही माहीत नव्हतं, पण आठ दिवस मी तिच्यावर मनातल्या मनात जळत होते. माझी जागा घ्यायला टपलीय मेली, असं वाटायचं. तिचा बिचारीचा काय दोष! पण मी आहेच अशी. राग आधी येतो, अक्कल मागून चालत येते.

मी जमुना, शिरवण्याची, मिठागरावरच्या गोटीराम मुकादमाची थोरली. साल बासष्ट. सातवीची फायनल पास झालेली गावातली मी पहिली मुलगी, हे मी सांगायची गरज नव्हती, माझी आई भागीरथी बेलापूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होती. ठाण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं राहून शिकायचं, आणि बाहेर पडायचं ते शाळेतली बाई होऊनच. मला बाई व्हायचंच होतं. मिठाच्या पाट्या वाहून आईच्या टाळूवरचे केस गेले होते, आणि तिची वेणी घालताना ते मला रोज दिसत होतं.

आता तुम्ही विचाराल, मग सकाळच्या एसटीनं का नाही गेलात? आजपर्यंत ज्याला ज्याला सांगितलं त्यानं हेच विचारलंय. एसटी होती की. सातला नाक्यावरून जायची, नऊच्या आत ठाणं. तिच्यामागची थेट दुपारी दोनला. पण बाबाकडे फटफटी होती ना! मिठागराचा शेट म्हातारा झाला, मुंबईला कायमचा राहायला गेला, आणि जाताना आपली जुनी फटफटी बाबाला देऊन गेला. लढाईच्या वेळची, मिलिटरीनं लिलावात काढलेली. एकच सिलेंडर, एकच प्लग, आणि आवाज असा की सुरू झाली की आळीतल्या कोंबड्या कुडावर चढायच्या.

"माजी पोर बाई व्हायला चाललीय," बाबा म्हणाला, "ती एसटीत धक्के खात जानार नाय. मी सोडनार."

बाबाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण असं काही बोलला की वर कुणी बोलायचं नाही.

बाबाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे भातशेताला खाडीच्या बाजूनं बांध असतो. बांधाच्या अल्याड भात, पल्याड खारं पाणी. बांध कुठं फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. मी तीन वर्षांची असताना बांधाची राखण बाबाकडे होती. संध्याकाळी त्याला चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, एक बीळ दिसलं, बोटभर. उद्या ओहोटीला बुजवू, म्हणून तो जेवायला घरी आला. पहाटेच्या उधाणाला नेमकी तिथंच खांड पडली. अकरा घरांचं उभं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं आणि पुढं तीन वर्षं त्या जमिनीत काडी उगवली नाही. कुणी बाबाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची.

तेव्हापासून बाबाला कुठं फट दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. कुडाची फट, दाराची फट, चुलीची भेग, देवळाच्या चौथऱ्याची भेग, आपली असो की शेजाऱ्याची, बाबा चिखल घेऊन हजर. माझ्या पाटीच्या लाकडी चौकटीचा सांधा उघडला होता, त्यातही त्यानं चिखल भरला, आणि मास्तरांनी मला वर्गात उभी करून विचारलं, की पाटीवर भात लावायचा विचार आहे का? आमचा चांगदेवकाका, बाबाचा चुलतभाऊ, तर म्हणायचा, गोटीरामच्या समोर जांभई देऊ नका रे, तोंडात माती कोंबंल.

तर जायच्या दोन दिवस आधी बाबा पनवेलला जाऊन नवीन प्लग घेऊन आला. फटफटी चढावर धापा टाकत होती, मधेच फाट फाट करत होती. पनवेलचा धर्मराज मेकॅनिक म्हणाला, प्लग जुना झालाय, नवा चढव, जुना साफ करून अडीअडचणीला जवळ ठेव, आणि चढवायच्या आधी दोन्ही नीट तपासून घे. एरवी हे सगळं धर्मराजच करून द्यायचा. पण या खेपेला बाबाच म्हणाला की मी घरी करतो. पोरीचं काम, आपल्या हातानं करावं, असं त्याच्या मनात. दुपारभर तो ओट्यावर बसून दोन्ही प्लगांशी खेळत होता. तारेच्या ब्रशानं काजळी काढ, फडक्यानं पूस, उजेडात धरून बघ. मी आत ट्रंक भरत होते. मधेच ठक ठक असा बारीक आवाज आला. मी काही लक्ष दिलं नाही. तेव्हाच बाहेर येऊन बघितलं असतं तर सकाळचा सगळा तमाशा टळला असता.

जायच्या दिवशी सकाळी सातला एसटी नाक्यावर आली. आमच्या अंगणातून दिसायची. ट्रंक बघून ड्रायव्हरनं गाडी हळू केली, तर बाबानं त्याला ऐटीत हात केला, "जा जा, आमची फटफटी हाय!" एसटी गेली. धूळ खाली बसली. बाबानं फेट्याचा शेमला मागं टाकला, पाय किकवर ठेवला आणि मारली किक.

काही नाही.

दुसरी मारली, तिसरी मारली. दहावीला बाबानं फेटा काढून खुंटीला अडकवला. विसावीला आळी गोळा झाली. कसलं फाट फाट आणि कसलं काय, इंजिनानं साधा ठसकासुद्धा दिला नाही. पेट्रोलचा वास मात्र अंगणभर पसरला.

"साडेसात," चांगदेवकाकानं सांगितलं. काका मुंबईला गोदीत कामाला होता, रजेवर आलेला, आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. गावात तेवढंच घड्याळ, त्यामुळे वेळ सांगायचा मान त्याचा. आणि काका तो असा गाजवत होता की मला त्याचं घड्याळ विहिरीत टाकावंसं वाटलं.

बाबानं पान्हा लावून नवा प्लग काढला. पेट्रोलनं ओला झाला होता. पुसला, फुंकला, चुलीजवळ धरून सुकवला, परत बसवला. काही नाही. मग तो काढून जुना बसवला. तरीही काही नाही. बाबाच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"आठ वाजून पाच."

"काका, गप बस!" मी ओरडले.

"मी गप बसून काटा थांबनार हाय का गो?"

आई म्हणाली, "अवो, कुनाची बैलगाडी बगू का?" बैलगाडीनं ठाणं म्हणजे संध्याकाळ. तिलाही ते ठाऊक होतं, पण गप्प राहवत नव्हतं तिला.

मग बाबानं धर्मराज करायचा तसं केलं. प्लग काढला, वायरीला जोडला, इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला. वरून गोणपाट धरून अंधार केला आणि मला म्हणाला, "मी किक मारतो, तू बग, ठिनगी उडते का." मी गोणपाटात डोकं घातलं. बाबानं किक मारली. ठिणगी नाही. परत मारली. नाही. दुसरा प्लग लावला. त्यातही नाही.

बाबा तिथंच जमिनीवर बसला. "करंट मेला," म्हणाला. "इंजिनाचा करंटच मेला गो पोरी. आता पनवेलला नेल्याशिवाय नाय."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात चांगदेवकाका पुढं झाला. "बाजूला व्हा. गोदीत मी एवड्या मोट्या क्रेनी बगतो, ही काय हाय!" असं म्हणून त्यानं वायरीचं उघडं टोक चिमटीत धरलं आणि बाबाला म्हणाला, "मार किक."

बाबानं मारली. काका हातभर उडाला. तोंडातून अशी शिवी निघाली की आईनं पदर तोंडाला लावला आणि आळीतल्या बायका माना फिरवून हसायला लागल्या.

मी नाही हसले. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. काकाला झटका बसला, म्हणजे करंट जिवंत आहे. वायरीपर्यंत येतोय. मग प्लगात शिरल्यावर कुठं जातोय? आणि एक प्लग बिघडला समजा, पण दोन्ही? त्यातला एक तर नवा कोरा?

फटफटीच्या पिशवीत शेटनं दिलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. इंग्रजी मला कुठं येत होतं! पण चित्रं होती. पानं उलटता उलटता प्लगाचं चित्र सापडलं, चांगलं मोठं. खालच्या टोकाला मधे एक बारीक खिळा, आणि बाजूनं येऊन त्याच्यावर वाकलेला एक आकडा. खिळा आणि आकडा यांच्या मधे जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेकडे दोन बाजूंनी दोन बाण दाखवले होते, की इकडे बघा. मी हातातला प्लग बघितला. आकडा खिळ्यावर घट्ट टेकलेला. दुसरा बघितला. तोही तसाच, अगदी चिकटून.

"बाबा, हे असं कुनी केलं?"

बाबाचा चेहरा जरा उजळला. निदान काहीतरी आपण नीट केलंय, असं त्याला वाटलं असावं. "मीच केला," म्हणाला. "दोनी प्लगांना खांड होती. जुन्याला असंल, झिजला तो. पन नव्यालासुदा! विलायती माल बोलतात आनि खांड ठेवून विकतात. हातोडीनं हलकेच ठोकून बसवली मी. आता पानी शिरनार नाय का काय शिरनार नाय."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! समोर बाप आहे, चार माणसं उभी आहेत, काही दिसेना.

"ती फट लागते त्याला! फटीतूनच ठिनगी उडते! हे बघ चित्रात!"

बाबानं चित्राकडे बघितलं, प्लगाकडे बघितलं. "चित्र काढनारा चुकला असंल," म्हणाला, पण आवाज पडलेला होता.

"तो चुकला? तू चुकलास! नाय, चुकला पन नायस. मुद्दाम केलंस. मना पाठवायचंच नाय तुना! दोन वर्सं पोर घराबाहेर राहिली तर लोक काय बोलतील, त्याचीच भीती तुना. आता बोल लोकांना, की गाडी बिघडली, माझा काय विलाज!"

काकानं घड्याळाकडे बघायचं थांबवलं. आई "जमने!" एवढंच म्हणाली. बाबानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. ते बोलणं मला आजही छातीत सलतं.

आणि रागाचं कसं असतं, एकदा माती करून तो थांबत नाही. मी जुना प्लग उचलला, पेचकस त्या आकड्याच्या खाली खुपसला आणि जोर केला. कट्ट असा आवाज आला. आकडा हललाच नाही, आतल्या खिळ्याभोवतीची पांढरी चिनी माती फुटून माझ्या मांडीवर पडली. प्लग गेला कामातून. राहिला एक. तोही मी हातात घेतला, पेचकस लावला, आणि मला कळून चुकलं की आता हाही मीच फोडणार.

"आन इकडं," बाबा म्हणाला.

मी मुकाट दिला.

बाबानं आईला मिठाच्या गोणी शिवायचं दाभण आणायला सांगितलं. मग ओट्याच्या कडेला, उजेडाला पाठ न करता बसला. दाभणाचं टोक त्यानं आकड्याच्या अगदी मुळाशी, खिळ्याला आणि चिनी मातीला धक्का न लावता, बाजूनं सरकवलं. पण उचलेना. धरून नुसता बसला. मला वाटलं, रुसला. मी काही बोलणार, तेवढ्यात आईनं माझा दंड दाबला.

"चवदा वर्सं झाली," बाबा त्या प्लगालाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "या हातानं कदी खांड पाडली नाय."

आणि मग त्यानं दाभण उचललं. केसभर. थांबला. परत केसभर. आकडा खिळ्यापासून सुटला आणि मधून उजेड दिसायला लागला. मी बाबाच्या कपाळाकडे बघत होते. त्याला खरंच त्रास होत होता हो, एवढीशी फट पाडताना. लोकांना सांगून पटत नाही. ज्याच्या हातून अकरा घरांचं भात गेलं त्यालाच तो त्रास कळणार.

"किती करू?" त्यानं मला विचारलं. आधी कधी त्यानं मला असं काही विचारलं नव्हतं.

पुस्तकात कसलीतरी मापं लिहिली होती, पण ती मला कळत नव्हती. खोटं कशाला बोलू! मी म्हटलं, "माजं नख जाईल एवडी करून बगू."

माझं अंगठ्याचं नख आत सरकेपर्यंत बाबानं आकडा उचलला. त्यानंच गोणपाट धरलं, काकानं किक मारली. मी आत डोकं घातलं. ठिणगी आली! पण अशक्त, पिवळट, एक उडाली तर दोन चुकल्या.

"हाय!" मी ओरडले. "पन मरतुकडी हाय."

"जास्त झाली असंल," बाबा म्हणाला. त्यानं आकडा दगडावर हलकेच टेकवला, टक, एवढंच. नख आता जेमतेम अडकत होतं. परत गोणपाट, परत किक. निळी ठिणगी! चट् चट् असा आवाज, नेमकी, एकामागून एक. मी गोणपाटातनंच किंचाळले, आणि बाबा माझ्या शेजारी डोकं घालून ती ठिणगी बघायला लागला. आम्हा दोघांची डोकी त्या गोणपाटात, पेट्रोलचा वास, आणि काका बाहेरून ओरडतोय, की अजून किती मारू, माझा गुडगा गेला!

प्लग बसवायच्या आधी बाबानं रिकाम्याच दहाबारा किका मारून घेतल्या, म्हणजे इंजिनात साचलेलं पेट्रोल निघून जातं. मग प्लग हातानं फिरवून बसवला, पान्ह्यानं आवळला, वायर लावली. दुसऱ्या किकला फटफटी पेटली. कोंबड्या कुडावर चढल्या. आईनं घाईघाईनं माझ्या हातावर दही घातलं, ते निम्मं साडीवरच सांडलं.

"साडेधा," काका म्हणाला, आणि मग त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात कोंबलं. "ने. तिकडं घंटा चुकवशील." हेच घड्याळ मी विहिरीत टाकणार होते. लाज वाटली.

रस्ता म्हणजे नुसती खडी आणि मुरूम. मागं ट्रंक बांधलेली, मधे मी, हाडं खिळखिळी झाली. दर थोड्या वेळानं मी घड्याळ बघत होते आणि कान इंजिनाला लावून बसले होते. एकदासुद्धा चुकलं नाही ते. घणसोली गेली, ऐरोली गेली. कळव्याच्या अलीकडे मी बाबाच्या पाठीला तोंड लावून म्हटलं, "बाबा, मी बोलले ते चुकले."

"काय?" बाबा ओरडला.

"काय नाय!" मीही ओरडले. दुसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही.

बाराला वीस मिनिटं असताना आम्ही कॉलेजच्या दारात होतो. माझ्या साडीवर दही, पेट्रोल आणि काजळी, तिन्ही. ऑफिसात सुमित्राबाई म्हणून वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई बसल्या होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "रस्त्यात अपघात झाला का?"

"नाही बाई. प्लग दुरुस्त केला."

त्यांनी चष्म्यावरून बाबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि यादीत माझ्या नावासमोर खूण केली. ती एक रेघ बघून माझे डोळे भरून आले. पुढच्या मुलीचं काय झालं असेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. पालकाची सही. "नीट वाचा आणि करा," म्हणाल्या. "दर वर्षी चार मुली अशाच जातात. स्थळ येतं, नाहीतर लावणी येते, बाप येतो आणि घेऊन जातो. जागा फुकट जाते."

बाबानं कागद माझ्याकडे दिला. मी वाचायला लागले. नाव, गाव, वय, सगळं वाचलं. शेवटी एक वाक्य होतं, की शिक्षणाची दोन वर्षं पुरी होईपर्यंत मी माझ्या मुलीस लग्नासाठी अथवा घरकामासाठी परत नेणार नाही. खरं सांगते, ते वाक्य गाळावं असं क्षणभर माझ्या मनात आलं. बाबाला कुठं कळणार होतं! अंगठा उठवून मोकळा झाला असता. पण सकाळी मी त्याला खोटा ठरवला होता. आता त्याला फसवलं असतं, तर मी कुठल्या तोंडानं बाई झाले असते? वाचलं. स्पष्ट वाचलं.

"परत वाच," बाबा म्हणाला.

परत वाचलं. सुमित्राबाईंनी टाक खाली ठेवला.

"सकाली तू बोललीस ना," बाबा मला म्हणाला, "मना वाईट लागला. पन ते सगला खोटा नवता गो. प्लग मी मुद्दाम नाय ठोकला, आईची शपत. पन गाडी चालू होत नवती, तवा मनातून मना थोडं बरं पन वाटलं. बोललो, बगू, राहते घरात."

मी त्याचा हात धरला, एवढंच.

बाबानं अंगठा उठवला. शाईच्या गादीवर दाबून, कागदावर दाबून, सावकाश. मग सुमित्राबाईंना म्हणाला, "बाई, यात अजून एक लिवा. पोरीला न्यायला कोन बी आला, मामा आला, काका आला, मी सोता आलो, तरी सोडायची नाय. माजा काय भरोसा नाय."

सुमित्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते जसंच्या तसं कागदाच्या मागं लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, आणि त्याखाली पुन्हा त्याचा अंगठा घेतला.

पुढं मार्गशीर्षात एकदा बाबा अचानक वसतिगृहावर आला. मी धावत खाली गेले. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. बाकावर बसून त्यानं मला विचारलं, "जेवतेस ना?" मी म्हटलं, इथली आमटी म्हणजे खाडीचं पाणी. तो हसला. थोडा वेळ माझ्याकडे नुसता बघत बसला, मग उठला, फटफटीला किक मारली आणि गेला. सहज आला असेल, असं मला वाटलं.

सहज नव्हता आला. दोन वर्षांनी, निकाल लागला त्या दिवशी, सुमित्राबाईंनी तो कागद काढून माझ्या हातात दिला आणि सांगितलं. उलव्याहून स्थळ आलं होतं, चांगलं, भातशेतीवालं, पाच भावांचं घर. त्यांना माघातच लग्न हवं होतं. बाबा त्या दिवशी मला न्यायला आला होता. मला खाली बोलवायच्या आधी तो ऑफिसात गेला होता. सुमित्राबाई त्याला काहीच बोलल्या नाहीत, फक्त कागद काढला आणि मागची बाजू वाचून दाखवली.

"वडील तुझे खाली मान घालून ऐकत होते," त्या म्हणाल्या. "मग म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं. तर म्हणाले, 'बराबर हाय. अंगठा माजाच हाय.' आणि पोरीला नुसता भेटून जातो, म्हणाले."